एक काळा परकर आणि एकशे बारा रानफुलं

जबलपूरच्या कुठल्याशा ठाण्यात एक जुना पंचनामा पडून असेल. त्यातली जप्त सामानाची यादी अशी: कॅमेरा एक, सहा इंची स्टीलची पट्टी एक, टाइप केलेले कागद एकोणीस, आणि पेटीकोट एक, काळा, जुना, नाडी नसलेला. हे सगळं ज्या गृहस्थांच्या झोळीत सापडलं ते आमच्या लष्करी सामानाच्या फॅक्टरीत एक्झामिनर होते आणि कांचघरला आमच्या घरापासून चार घरं सोडून राहायचे. त्यांचं नाव सांगत नाही. त्यांचा मुलगा अजून त्याच घरात आहे आणि वकिली करतो.

मी तेव्हा तेवीस वर्षांची, त्याच फॅक्टरीच्या इन्स्पेक्शन सेक्शनमध्ये टायपिस्ट. गल्लीत ते मला ‘तू’ म्हणत. फॅक्टरीचं गेट ओलांडलं की ‘बाई, तुम्ही’. सायकलवरून उतरता उतरता हा बदल व्हायचा आणि संध्याकाळचा भोंगा झाला की परत ‘काय गं’. मी दोन्हीकडे काकाच म्हणायची. मला दोन दोन हिशेब ठेवायला जमत नसे.

एक्झामिनरचं काम म्हणजे मशीनवरून आलेला माल गेजला, म्हणजे ठरलेल्या मापाच्या साच्याला, लावून पाहायचा आणि तीनपैकी एक शेरा मारायचा: पास, रिजेक्ट, नाहीतर रिवर्क. पास झालेला पुढे जाई. रिजेक्ट थेट भट्टीत. आणि रिवर्क म्हणजे, काकांच्या शब्दांत, ‘लोखंडात खोट नाही, कोणाचा तरी हात हलला. परत चढवा मशीनवर.’ वीस-बावीस वर्षं हेच केल्यावर जगात चौथा शेरा असू शकतो यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. काकूंचं वरण बहुतेक पास होई. थोरले मेहुणे कायमचे रिजेक्ट. मोठ्या साहेबांचं पंधरा ऑगस्टचं भाषण दर वर्षी रिवर्क. मला पाहायला नागपूरहून एक मुलगा आला होता तेव्हा काका आमच्याच बैठकीत बसलेले. मुलगा चपला घालायला वाकला, तसे ते बाबांना मोठ्यानं म्हणाले, ‘रिवर्क.’ नागपूरचं पत्र काही आलं नाही. त्यानंतर वर्षभर आईनं काकांना बिनसाखरेचा चहा दिला आणि त्यांनी तो दर वेळी पास केला.

रविवारी मात्र हा माणूस रानफुलांचा. याला हौस म्हणतात, पण त्यांच्या हौसेत मऊ असं काही नव्हतं. सकाळी सातला सायकल काढायची आणि अधारतालच्या बांधावर, पनागरच्या रस्त्याला, नाहीतर फॅक्टरीमागच्या खडकाळ टेकडीवर जे काही आपोआप उगवून फुललं असेल त्याचं इन्स्पेक्शन करायचं. महिन्याला एक रोल, रोलमध्ये बारा फोटो, एका फुलाला एकच फोटो. प्रत्येक फुलाशेजारी स्टीलची पट्टी उभी करायची, कारण मापाशिवायचा फोटो म्हणजे लग्नाचा फोटो. मागचं गवत दिसू नये म्हणून फुलाच्या पाठीशी काळं कापड धरायचं. ते कापड म्हणजे काकूंचा परकर, आणि त्याची नाडी म्हणजे कॅमेऱ्याचा पट्टा. सुरुवातीची काही वर्षं परकर धरायला काकू जात. मग त्यांनी संप केला. ‘माझा परकर रानोरान फिरून राहिला, तेवढं पुरे आहे न,’ त्या म्हणाल्या, ‘मी काहून फिरू?’ तेव्हापासून परकर धरायचं काम माझ्याकडे आलं.

बागेतल्या फुलांवर त्यांचा राग होता. ‘गुलाब म्हणजे पगारी फूल,’ ते म्हणत. ‘पाणी-खत बंद करा, मग पाहा ड्यूटीवर येते का. रानफुलाला कोणी पगार देत नाही, तरी तारखेला हजर.’ पळसालाही त्यांनी यादीत घेतलं नव्हतं. फाल्गुनात सगळं शहर त्याचं कौतुक करी तेव्हा हे तोंड फिरवून सायकल हाणत. ‘त्याच्यावर फिल्म काहून घालवायची? तो स्वतःच गावभर सांगत फिरून राहिला, का मी फुललो म्हणून.’

फिल्म काळी-पांढरी. त्यामुळे रंग शब्दांत लिहावा लागे, आणि रंगांची नावं सगळी घरातली. तरोट्याचं फूल म्हणजे ‘हळदीचा पिवळा, पण वाण्यानं पीठ मिसळलेला’. कुर्डूचा तुरा म्हणजे ‘धाकट्याचा शाळेचा शर्ट, लाल लुगड्यासोबत भिजलेला’. काटेरिंगणीचा जांभळा म्हणजे ‘सौ.चं दोन नंबरचं पातळ’. एक नंबरचं पातळ मी कधी पाहिलं नाही. त्या रंगाचं फूल अजून सापडायचं आहे, असं ते सांगत.

एकदा पाऊस सरता सरता आम्ही पनागरला गेलो होतो. तिथल्या ओल्या बांधांवर सीतेची आसवं नावाची इवलीशी जांभळी फुलं येतात, बोटभर उंचीची. त्यांचा फोटो घ्यायचा तर जमिनीला गाल लावावा लागतो. काका चिखलात पालथे पडले, कॅमेरा नाकाला लावला आणि वारा थांबण्याची वाट पाहत निपचित राहिले. मी पुढे परकर धरून उकिडवी. शेजारच्या मळ्यातून भाजी काढणारे चौघं धावत आले. मिर्गी आली, असं त्यांनी परस्पर ठरवलं. एकानं कांदा फोडला, दुसऱ्यानं पायातला जोडा काढून काकांच्या नाकाशी धरला. तिसरा मला म्हणाला, ‘बिटिया, रोओ मत, अभी होश आ जाएगा.’ चिखलातून काकांचा आवाज आला, ‘भैया, जूता हटाओ. छाया पड़ रही है.’ त्या फोटोत डाव्या कोपऱ्यात जोड्याचं टोक आलं आहे. काकांनी तो तरीही पास केला, कारण वारा खरंच थांबला होता.

पुढचं सांगताना मला जरा मान खाली घालावी लागते, कारण यादीला ते रूप मी दिलं. काकांकडे बारा वर्षांच्या वह्या होत्या, पावसानं भिजलेल्या, अक्षर कोंबडीचं. मी म्हटलं, जेवणाच्या सुट्टीत टाइप करून देते. सेक्शनमध्ये इन्स्पेक्शन रिपोर्टचे छापताना वाकडे गेलेले फॉर्म रद्दीत पडले होते, ते घेतले. कॉलम आयतेच होते: आयटम, नग, ठिकाण, तारीख, टॉलरन्स, शेरा. ते पाहून काकांचा चेहरा असा उजळला, की पगारवाढीलाही उजळला नसेल. टॉलरन्स म्हणजे माप किती इकडेतिकडे झालं तर चालेल ते. काका फुलांच्या तारखांनाही टॉलरन्स देऊ लागले. एकशे बारा फुलं, एकोणीस पानं, इंग्रजी टाइपरायटरवर. तीन कॉप्या. पहिली त्यांच्या झोळीत, दुसरी त्यांच्या घरी ट्रंकेत, तिसरी माझ्याकडे. ‘तिसरी कॉपी टायपिस्टपाशी,’ ते म्हणाले. ‘हा नियम आहे.’

मग बांगलादेशाच्या लढाईचा डिसेंबर आला. खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागले, फॅक्टरीत बारा-बारा तासांची ड्यूटी, आणि कॅमेरा घेऊन कुठेही फिरायला बंदी. काकांना ही बंदी ठाऊक होती. ती माणसांच्या फोटोंसाठी आहे, असं त्यांचं मत पडलं. टेकडीवर सोनसावरीचं एक झाड आहे, यादीतला आयटम एकतीस. त्याची पानं गळाली की नाही याची नोंद दर डिसेंबरात करायची असे. त्या रविवारी मी आईबरोबर दळणाला गेले होते, म्हणून ते एकटेच गेले. त्या झाडाखालून फॅक्टरीच्या सगळ्या शेड दिसतात.

गस्तीवर आमच्या मेन गेटचाच दरबान होता. रोज सकाळी काकांना रामराम करणारा. ‘बाबूजी,’ तो म्हणाला, ‘आपको तो हम जानते हैं, पर झोले को नहीं जानते.’ त्यानं झोळी उघडली आणि टाइप केलेले कागद वाचायला साहेबांकडे नेले.

आता ते कागद साहेबांच्या नजरेनं वाचावेत. फॅक्टरीचा छापील फॉर्म. आयटम एक: सत्यानाशी, नग अगणित, ठिकाण फॅक्टरीचं मेन गेट, उघडणार फेब्रुवारीत. आयटम सतरा: कळलावी, नग सहा, ठिकाण अधारताल, तळ्यामागचा बांध, शेरा: विषारी, जपून हाताळा. आयटम चव्वेचाळीस: धायटी, रंग पेटत्या निखाऱ्याचा, ठिकाण पनागर रस्ता, पुलाच्या डाव्या हाताला. ज्या काटेरी पिवळ्या तणाला आमच्याकडे सगळे सत्यानाशी म्हणतात ते साहेबांना ठाऊक नव्हतं. ते बंगल्यात गुलाब लावायचे. संध्याकाळच्या आत काका ठाण्यात होते, आणि त्यांच्या ट्रंकेतली दुसरी कॉपी आणि निगेटिव्हचा डबाही.

परकर ओळखायला काकूंना बोलावलं. ठाणेदारानं विचारलं, ‘ये आपका है?’ काकू म्हणाल्या, ‘हाँ जी, मेरा ही है. और नाड़ी कहाँ गई, वो भी इनसे पूछिए.’

बातमी आमच्या गल्लीत दिवेलागणीला पोचली. मी आतल्या खोलीत गेले, गादीखालची तिसरी कॉपी काढली आणि स्वयंपाकघरात नेली. आई भात लावून बाहेर शेजारणींशी बोलत उभी होती. मी एकेक पान सिगडीत घातलं. एकोणीस पानं जळायला फार वेळ लागत नाही. माझी नोकरी जाईल, बाबांच्या रेल्वेच्या पेन्शनला धक्का लागेल, मलाही ठाण्यात बसवतील, एवढंच डोक्यात होतं. काकांचं काय होईल हे डोक्यात आलंच नाही, आणि तीच गोष्ट मला आजही टोचते.

ठाण्यात त्यांना विचारलं होतं, टाइप कोणी केलं? ते म्हणाले, मी. खरं-खोटं पाहायला त्यांच्यापुढे ठाण्यातला टाइपरायटर ठेवला. काकांनी एका बोटानं, प्रत्येक अक्षर शोधून, त्याला जणू गेज लावून, अर्ध्या तासात एक ओळ पूर्ण केली. ठाणेदाराला जेवायला जायचं होतं. त्यानं ‘टंकन: स्वयं’ असं लिहून टाकलं. हे मला काकूंनी सांगितलं. सिगडीतली राख तोवर आईनं भांडी घासायला काढून ठेवली होती.

दोन दिवसांनी त्यांना सोडलं, पण नोकरीतून सस्पेंड केलं. साहेबांचं म्हणणं सरळ होतं. टेकडीवर गेलात ते झाडासाठी, असं म्हणता. कागदावर लिहिलंय की हे झाड दहा फेब्रुवारीला फुलतं, टॉलरन्स अधिक-उणे दोन दिवस. ठीक आहे, पाहू. फुललं तर फूल, नाही तर केस वर पाठवतो. वर म्हणजे नोकरी गेलीच, आणि लढाईच्या दिवसांत तुरुंगही काही लांब नव्हता. काका म्हणाले, ‘मंजूर.’

लढाई दोन आठवड्यांत संपली. काका पुढचे दोन महिने ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना शेरे मारत राहिले. एकदाही ते घाबरलेले दिसले नाहीत. काकू दिसायच्या. मी दिसले की ते विचारत, ‘दोन कॉप्या गेल्या तर जाऊ दे. तिसरी आहे न तुझ्यापाशी?’ मी म्हटलं, ‘हो.’ एकदा म्हटलं, मग दर आठवड्याला म्हणत गेले. नंतर नंतर मी कामावरून येताना मागच्या बोळातून येऊ लागले.

दहा फेब्रुवारीला आम्ही सगळे टेकडी चढलो. साहेब, ठाणेदार, दरबान, काका, आणि रिपोर्ट लिहून घ्यायला सेक्शनची टायपिस्ट म्हणून मी. झाडाला एक पान नव्हतं. फांद्यांच्या टोकांना कळ्या होत्या, घट्ट मिटलेल्या. अकराला तसंच. बाराला साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, ‘अब?’

‘टॉलरन्सच्या बाहेर,’ काका मला म्हणाले. ‘लिहा, बाई.’ मग साहेबांकडे वळले. ‘साहब, माल सही है. गेज ग़लत है. इस साल ठंड लंबी चली, तारीख मेरी चूकी है, पेड़ की नहीं.’

साहेबांनी तीन दिवस आणखी दिले. पण एखादा माणूस रात्रीतून येऊन झाडाला कागदी फुलं बांधून जाईल, अशी त्यांना शंका आली. म्हणून झाडावर पहारा बसवला. भारत सरकारच्या नोकरीत सोनसावरीच्या झाडाखाली बंदूक घेऊन उभा राहिलेला तो बहुधा एकमेव माणूस, आणि तो तोच दरबान होता.

पंधरा तारखेला दुपारी तो टेकडी उतरून आला. टोपी हातात होती. साहेबांच्या टेबलावर ती ठेवून त्यानं सलाम ठोकला. टोपीत ताटलीएवढं पिवळं फूल होतं, खाली पडलेलं, एकही पाकळी न तुटलेलं. ‘साहब,’ तो म्हणाला, ‘गलगल ड्यूटी पर हाज़िर है. ऊपर पंद्रह-बीस और खड़े हैं.’ सोनसावरीला तिकडे गलगल म्हणतात.

साहेबांनी जप्त सामानातली स्टीलची पट्टी मागवून ते फूल मोजलं. यादीतल्या मापाशी ते जुळलं. संध्याकाळी काकांना कामावर घेतल्याची ऑर्डर मीच टाइप केली. साहेबांनी त्यांना विचारलं, हे झाड बंगल्यात लावता येईल का? काका म्हणाले, ‘पगार पर नहीं आएगा, साहब.’

कॅमेरा, पट्टी आणि परकर परत मिळाले, परकर तर लाखेच्या सीलसकट. कागद आणि निगेटिव्ह मिळाले नाहीत. त्या फाइलवर ‘गोपनीय’ असा शिक्का पडला होता, आणि शिक्का मारायला एक माणूस लागतो, पुसायला सगळं खातं. पुढे वकील मुलानं अर्ज केला तेव्हा उत्तर आलं, की असे कागद आमच्याकडे नाहीत, आणि असल्यास देता येणार नाहीत. आमच्या भागातल्या बारा वर्षांच्या रानफुलांची यादी शत्रूपासून अजूनही सुरक्षित आहे.

त्या संध्याकाळी काका पेढे घेऊन आमच्याकडे आले. आईनं चहात साखर घातली. ते खुर्चीवर बसले, गुडघ्यांवर हात ठेवले आणि म्हणाले, ‘चलो, आता तिसरी कॉपी काढ. नव्यानं तीन करू.’

मी उभीच होते. ‘काका, नाही.’

‘नाही म्हणजे?’

‘जाळली. तुम्हाला नेलं त्याच दिवशी. सिगडीत.’

‘सगळी?’

‘एकोणीसच्या एकोणीस.’

आई स्वयंपाकघराच्या दारात थांबली. काकांनी बशी खाली ठेवली. त्यांना माझ्याकडे पाहवत नव्हतं की मलाच त्यांच्याकडे, ते आता आठवत नाही. मला फक्त त्यांचे हात आठवतात. ते तिसरं बोट अंगठ्यावर घासत होते, गेज लावण्याआधी मालावरचं तेल पुसतात तसे.

‘काहून जाळली?’

‘भीती वाटली.’

‘अन् इतके दिवस हो म्हणत होती ते?’

‘त्याचीही भीतीच वाटली.’

ते उठले. दाराशी गेले, एक पाय चपलेत घातला आणि मागे वळून म्हणाले, ‘बाई.’ घरात, गल्लीत, त्यांनी मला कधी बाई म्हटलं नव्हतं. हे ऑफिसचं बोलणं आहे, शेरा आहे, हे मला कळलं. रिजेक्टच होतं. मी त्यांच्या जागी असते तर तोच मारला असता.

‘रिवर्क,’ ते म्हणाले. ‘उद्या-परवा नाही. रविवारी. सात वाजता, मेन गेट.’

मी रविवारी पावणेसातलाच जाऊन उभी राहिले. रात्री झोप लागली नव्हती. दरबानानं विचारलं, ‘काए दीदी, आज छुट्टी में?’ तेवढ्यात काका सायकलवरून उतरले. फॅक्टरीच्या भिंतीशी, नालीच्या कडेला, सत्यानाशीला तीन पिवळी फुलं आली होती. दरबानानं इकडेतिकडे पाहिलं आणि पाठ फिरवून उभा राहिला. काकांनी झोळीतून परकर काढून माझ्या अंगावर टाकला. लाखेचं सील अजून त्याला लटकत होतं. ते नालीच्या कडेला पालथे पडले, पट्टी फुलाशी उभी केली आणि मान न वळवता म्हणाले, ‘परकर सरळ धर. अन् लिही. आयटम एक.’

त्या यादीचे शेवटचे नऊ आयटम मी एकटीनं लिहिले, परकर काठीला टांगून. कॉप्या मी या वेळी पाच काढल्या.